लॉकर आधी की अ‍ॅक्सल आधी? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात ऑफ-रोड टायरवर लिहिलं होतं, त्यावर आलेली निम्मी पत्रं टायरची नाहीतच, डिफरन्शियलची आहेत, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधल्या त्या गिअरच्या डब्याची, जो ताकद दोन चाकांत वाटतो आणि वळताना त्यांना वेगवेगळ्या स्पीडने फिरू देतो. लॉकर म्हणजे ती दोन चाकं एकमेकांना बांधून सारखीच फिरवणारी सोय. मोठा टायर लावला की पुढचा प्रश्न तिथेच जातो, त्यामुळे नवल नाही. तेच ते प्रश्न एकत्र करून घेतलेत.

प्रश्न : गाडी फोर बाय फोर आहे तरी चिखलात एक पुढचं आणि एक मागचं चाक नुसतं गरगर फिरतं, गाडी जागेवरच. मित्र म्हणतो ओपन डिफ सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाला देतं. आणि दुसरा म्हणतो अशा वेळी हँडब्रेक थोडा ओढायचा, मी ओढला, काही झालं नाही.

पहिल्या मित्राचं अर्धं बरोबर आहे. ओपन डिफ, म्हणजे लॉक नसलेलं साधं डिफ, दोन्ही चाकांना टॉर्क (फिरवायचा जोर) कायम सारखाच देतं, फरक फक्त स्पीडमध्ये पडतो. आता चिखलातल्या चाकाला फिरायला समजा जेमतेम ५० न्यूटन-मीटर लागतात, तर कोरड्या दगडावर उभ्या असलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढेच ५० मिळणार, आणि तेवढ्यात गाडी हलत नाही. म्हणजे ताकद चिखलातल्या चाकाकडे "जाते" असं नाही, ती मुळात तयारच होत नाही, इंजिन नुसतं ओरडतं. हेच पुढेही आणि मागेही, म्हणून चारातली दोन चाकं फिरतात. कंपन्या तरी हेच का बसवतात, तर वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि ते सगळ्यात शांतपणे, टायर न घासता, फक्त ओपन डिफच करू देतं.

आता हँडब्रेक. ही युक्ती ऐकीव म्हणून खूप फिरते, पण ओपन डिफमध्ये हिचा उपयोग नाही. हिशोब करून बघा. ब्रेकने दोन्ही मागच्या चाकांना १०० न्यूटन-मीटर अडवलं. हवेतल्या चाकाला आता १०० मिळतात, तेवढेच दुसऱ्यालाही मिळतात, पण त्याच्याही पायात १०० चा ब्रेक आहे, हातात उरलं शून्य. हेच हेलिकल (तिरप्या दात्यांच्या गिअरचं) प्रकारचं एलएसडी, म्हणजे घसरणाऱ्या चाकाला आवरून दुसऱ्याला जास्त टॉर्क देणारं डिफ असेल आणि ते समजा तिप्पट टॉर्क दुसऱ्या बाजूला देऊ शकत असेल, तर तिथे ३०० जातात, १०० ब्रेक खातो, २०० गाडी ढकलायला शिल्लक. म्हणजे तुमच्या मित्राची युक्ती खरी आहे, फक्त दुसऱ्या गाडीची आहे. अमेरिकन लष्कराच्या हमव्ही या फोर बाय फोर गाडीत अशाच प्रकारचे टॉर्सन डिफ होते आणि तिच्या ड्रायव्हरांना एका पायाने ब्रेक आणि दुसऱ्याने अ‍ॅक्सिलरेटर असं एकदमच दाबायला शिकवायचे, ते याच कारणाने.

तुमच्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर तेही ब्रेकच लावतं, पण फक्त फिरणाऱ्या एकाच चाकाला, म्हणून ते ओपन डिफमध्येही चालतं. त्याच्या दोन अडचणी, आधी चाक फिरल्याशिवाय ते जागं होत नाही, आणि लांब चढावर सतत काम पडलं की ब्रेक तापतात. तरी काहीही विकत घ्यायच्या आधी टायरची हवा कमी करून तीच जागा पुन्हा एकदा चढून बघा, बऱ्याच जणांचा लॉकरचा विचार तिथेच संपतो.

प्रश्न : एलएसडी, हेलिकल, ऑटो लॉकर, एअर लॉकर... यातलं नक्की काय घ्यावं? रोज ऑफिसला पण हीच गाडी असते, ऑफ-रोड महिन्यातून एखाद-दोनदा, गाडी मॅन्युअल आणि छोट्या व्हीलबेसची.

प्रश्नातच उत्तर दिलंय तुम्ही, रोज ऑफिसला हीच गाडी. तुमच्यासाठी मागे सिलेक्टेबल लॉकर, म्हणजे बटण दाबलं की पूर्ण लॉक आणि सोडलं की साधं ओपन डिफ. पण बाकीचे का नाही ते सांगतो.

क्लच प्लेटवालं एलएसडी गाडीबरोबर कंपनीतून आलं असेल तर राहू द्या, मुद्दाम विकत घेऊन बसवू नका. त्यातल्या प्लेटा झिजतात, झिजल्या की ते हळूहळू ओपन डिफच होऊन जातं आणि तुम्हाला कळतही नाही. त्याला गिअर ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर लागतो, तो विसरला की वळताना मागून घरघर येते आणि लोक बेअरिंग गेलं म्हणून अख्खा अ‍ॅक्सल उघडतात.

हेलिकल, म्हणजे टॉर्सन किंवा ट्रूट्रॅक वगैरे, यात प्लेटा नाहीत, गिअरच एकमेकांवर दाबून काम करतात, त्यामुळे झीज कमी आणि रस्त्यावर अगदी सभ्य वागतात. वाळू, बर्फ, ओला रस्ता, कच्चा रस्ता, यासाठी मला हे फार आवडतात. पण चाक पूर्ण हवेत गेलं की शून्याच्या कितीही पट केली तरी शून्यच, मग वर सांगितला तसा ब्रेक लावावा लागतो. दगडांत चाकं सतत हवेत असतात तिथे हे कमी पडतात.

ऑटोमॅटिक लॉकर, डेट्रॉइट लॉकर हे त्यातलं जुनं आणि दणकट नाव. हे उलटं चालतं, मुळात लॉकच असतं आणि वळताना बाहेरचं चाक पुढे पळायला लागलं की तेवढ्यापुरतं सुटतं. त्यात टिकटिक आवाज येतो, कधी कधी एकदम धाडकन लागतं, आणि वळणावर मध्येच अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की गाडी बाजूला सरकल्यासारखी वाटते. लांब गाडी आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर हे जाणवत नाही फारसं. तुमची छोटी आणि मॅन्युअल, म्हणजे सगळ्यात जास्त जाणवणारं कॉम्बिनेशन, त्यात ओला रस्ता आला की माझ्या मते रोजच्या वापराला नकोच. याचाच स्वस्त भाऊ म्हणजे लंचबॉक्स लॉकर, जो डिफच्या जुन्याच केसमध्ये आतले छोटे स्टार गिअर काढून त्यांच्या जागी बसतो, क्राउन-पिनियनची (डिफ फिरवणाऱ्या मोठ्या आणि छोट्या गिअरच्या जोडीची) सेटिंग हलवावी लागत नाही. पण केस जुनीच राहते, तिची ताकद वाढत नाही हे लक्षात ठेवा.

ईटनचा एक मेकॅनिकल प्रकार काही गाड्यांत कंपनीतूनच येतो, दोन चाकांच्या स्पीडमध्ये साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की आपोआप लॉक होतो आणि ताशी ३२ किलोमीटरच्या वर लॉक होत नाही. रोजच्या गाडीला चांगला, फक्त तो लागायला चाक आधी फिरावं लागतं, आणि दगडावर चाक फिरून मग एकदम पकडणं म्हणजे शाफ्टला धक्का.

राहिला सिलेक्टेबल. हवेवर चालणारा, इलेक्ट्रिक, आणि केबलवर ओढायचा असे तीन. हवेवाल्याला कॉम्प्रेसर लागतो पण त्याच कॉम्प्रेसरने टायरमध्ये हवा भरता येते, हा फायदा रोज उपयोगी पडतो. इलेक्ट्रिकला फक्त वायर, पाइपची भानगड नाही, काही इलेक्ट्रिक लॉकर मात्र लागायला चाक थोडं पुढे-मागे व्हावं लागतं. केबलवाला साधा, पण केबल कशी फिरवली आहे त्यावर सगळं अवलंबून. तिन्हींत एक गोष्ट सारखी, लॉकर अडकायच्या आधी लावायचा, चाक जोरात फिरत असताना बटण दाबायचं नाही.

प्रश्न : पैसे एकाच लॉकरचे आहेत. पुढे की मागे?

मागे. चढावर वजन मागे येतं, ढकलणारी चाकं तीच असतात, आणि मागचा अ‍ॅक्सल बहुतेक गाड्यांत पुढच्यापेक्षा मजबूत असतो. पुढे लॉकर लावला की स्टिअरिंग जड होतं, गाडी सरळच जायला बघते, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सीव्ही जॉइंट किंवा क्रॉस (पुढच्या शाफ्टचा वळणारा सांधा) तुटायची ती वेळ. उलट बाजूही सांगतो, आडव्या उतारावर मागचा लॉकर लावलेला असेल तर मागची दोन्ही चाकं एकदम घसरतात आणि गाडीचं शेपूट खाली सरकतं. तिथे लॉकर बंद.

अपवाद एकच मानतो मी. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन असेल, पुढचं चाक प्रत्येक खड्ड्यात हवेत जात असेल, आणि मागे आधीच बरं एलएसडी असेल, तर पुढचा लॉकर जास्त फरक दाखवतो. पण मग पाय हलका हवा.

प्रश्न : कंपनीचा २९ इंची टायर काढून ३३ इंची लावला, गाडी मेल्यासारखी झाली, पाचवा गिअर लागतच नाही. डिफचा रेशो ३.७३ (चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे ३.७३ फेरे) आहे. ४.१० करू, ४.५६ करू की अजून वर जाऊ?

साधा गुणाकार आहे. ३.७३ ला ३३ ने गुणा आणि २९ ने भागा, ४.२४ येतं. म्हणजे पूर्वीसारखी गाडी हवी तर ४.२४ च्या आसपास. आत्ता तुमची गाडी चालतेय ती ३.२८ रेशोची असल्यासारखी, म्हणून मेल्यासारखी वाटते. ४.१० घेतलं तर पूर्वीपेक्षा थोडी जडच राहील. आणि टायर नुसता उंच नाही, वजनदार पण आहे, वर बंपर, विंच, रूफ रॅक काही ना काही चढवलंच असेल, म्हणून मी अशा वेळी आलेल्या आकड्याच्या वरचा रेशो घेतो, इथे ४.५६. बहुतेक वेळ हायवेवरच जाणार असेल आणि इंजिनला दम असेल तर ४.१० ठीक.

मग ५.१३ का नाही? इथे जरा आत डोकवा. पुष्कळ सेटमध्ये क्राउनला ४१ दाते असतात. पिनियनला ११ दाते असले की ३.७३, १० असले की ४.१०, ९ असले की ४.५६ आणि ८ असले की ५.१३. क्राउनचा व्यास तोच, म्हणजे दाते कमी होतात तसं पिनियनचं डोकं बारीक होत जातं आणि एका वेळी एकमेकांत गुंतलेले दातेही कमी. लहान अ‍ॅक्सलमध्ये फार वर गेलात की तुम्ही शाफ्ट वाचवत बसता आणि पिनियनचा दात जातो.

लो गिअरचा फायदा पण बघून घ्या. पहिला गिअर ४.०, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सचा) लो २.५ धरला तर ३.७३ वर क्रॉल रेशो, म्हणजे तिन्हींचा गुणाकार, ३७.३ होतो, ४.५६ वर ४५.६. दगडांत क्लचवर पाय ठेवून जगणाऱ्यांना हा फरक पहिल्या मिनिटाला कळतो.

आणि तीन गोष्टी विसरू नका. पुढचा आणि मागचा रेशो सारखाच करायचा, एकच बदलून फोर बाय फोर लावलं की ट्रान्सफर केस आणि अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडणार आणि काहीतरी तुटणारच. दुसरं, काही अ‍ॅक्सलमध्ये ठराविक रेशोच्या वर केसच वेगळी लागते, डाना ४४ (डाना कंपनीचा एक प्रसिद्ध अ‍ॅक्सल) मध्ये ३.७३ पर्यंत एक आणि ३.९२ पासून पुढे दुसरी, त्यामुळे लॉकर मागवायच्या आधी रेशो ठरवा, उलटं नाही. तिसरं स्पीडोमीटर. नुसत्या टायरने तुमचा काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६८ ला आहे.

प्रश्न : मागे लॉकर बसवला, सहा महिन्यांत अ‍ॅक्सल शाफ्ट तुटला. ग्रुपवर सगळे म्हणतात डाना ६० (४४ चा मोठा भाऊ) टाक, विषय संपव. खरंच एवढं लागतं का?

ग्रुपवर दुसऱ्याच्या गाडीला सगळेच डाना ६० टाकतात.

आधी शाफ्ट का तुटला ते बघू. इंजिन ३०० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ४.०, लो २.५, डिफ ४.१०, गुणाकार १२,३०० न्यूटन-मीटर. मागच्या अ‍ॅक्सलवरच सगळं आलं असं धरलं तर ओपन डिफमध्ये एका शाफ्टला यातलं जास्तीत जास्त निम्मं, ६,१५०. लॉकर लावून एक चाक हवेत गेलं की सगळं एकाच शाफ्टला. प्रत्यक्षात टायर त्याआधीच घसरतो म्हणून एवढा आकडा येत नाही, पण मोठा, कमी हवेचा, दगडात रुतलेला टायर घसरत नाही आणि मग शाफ्टच पिळला जातो. तुटलेला तुकडा फेकला नसेल तर बघा, स्प्लाइनचे (शाफ्टच्या टोकावरच्या खाचांचे) दाते सरळ न राहता वळलेले दिसले, तर तो एका झटक्यात नाही गेला, बरेच दिवस पिळत होता. स्वच्छ सपाट तुटला असेल तर धक्का, म्हणजे चाक हवेत फिरत असताना एकदम जमिनीला लागलं.

पुढचा मुद्दा व्यासाचा. पिळाविरुद्ध ताकद व्यासाच्या घनाने वाढते. डाना ४४ चा ३० स्प्लाइनचा शाफ्ट १.३१ इंचाचा, डाना ६० चा ३५ स्प्लाइनवाला १.५ इंचाचा. दिसायला बोटभर पण फरक नाही, ताकद मात्र त्याच धातूत दीडपट. आणि साध्या स्टीलऐवजी ४३४० क्रोमोली हे मिश्र स्टील घेतलं तर आहे त्याच मापात बरीच ताकद वाढते. म्हणून माझा क्रम असा, तुमच्या अ‍ॅक्सलला चांगले क्रोमोली शाफ्ट मिळत असतील आणि टायर ३३ च्या आतला असेल तर आधी ते टाका. ३५ इंच आणि दगड असतील तर डाना ४४ च्या वर्गातला अ‍ॅक्सल, नीट बांधलेला. २००३ साली जीपने रँग्लर रुबिकॉन आणली तेव्हा कंपनीतूनच पुढे-मागे डाना ४४, दोन्हीकडे लॉकर आणि ट्रान्सफर केसला ४:१ लो दिला होता, आणि टायर ३१ इंची, यावरून साधारण अंदाज येतो. ३७ च्या पुढे गेलात तर मग डाना ६० बद्दल बोलू.

कारण त्याचेही तोटे आहेत. डाना ४४ चा क्राउन ८.५ इंचाचा, ६० चा ९.७५, म्हणजे डिफचा भोपळा मोठा आणि खाली लोंबणारा, छोट्या टायरवर लावलात तर प्रत्येक दगड आधी त्यालाच भेटणार. वजन वाढतं तेही स्प्रिंगच्या खालचं, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर गाडी धडधडते. शिवाय पाट्यांचे पॅड, शॉकचे ब्रॅकेट, ब्रेक, हँडब्रेक केबल, प्रॉपेलर शाफ्टची लांबी आणि एबीएसचा सेन्सर, हे सगळं नव्याने जुळवायचं.

अ‍ॅक्सल बदलणारच असाल तर एक गोष्ट जरूर मागा, फुल फ्लोटिंग. सेमी फ्लोटिंगमध्ये शाफ्टच गाडीचं वजनही पेलतो आणि चाकही फिरवतो, आणि ज्यात शाफ्टला आतून फक्त सी-क्लिपने धरलेलं असतं तिथे शाफ्ट तुटला की चाक शाफ्टसकट बाहेर येऊ शकतं. फुल फ्लोटिंगमध्ये चाक दोन बेअरिंगवर स्पिंडलवर (अ‍ॅक्सलच्या टोकाच्या पोकळ नळीवर) बसतं, शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो. तुटला तर तुकडे काढायचे, भोक झाकायचं आणि पुढच्या चाकांवर सावकाश घरी यायचं.

पुढच्या अ‍ॅक्सलसाठी एवढंच, सॉलिड अ‍ॅक्सल शोधताय तर हाय पिनियन (पिनियन वरच्या अंगाला असलेला), उलट्या कापाचे गिअर असलेला मिळाला तर सोडू नका. साध्या कापाचा मागचा सेट पुढे लावला की पुढे जाताना दात्यांच्या कमजोर बाजूवर भार येतो, हाय पिनियनमध्ये बरोबर बाजूवर येतो, आणि प्रॉपेलर शाफ्टही दगडांपासून वर राहतो.

प्रश्न : एअर लॉकर लावल्यापासून डिफच्या ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या भोकातून) गिअर ऑइल बाहेर येतं, मेकॅनिक म्हणतो ऑइल जास्त भरलंय.

लेव्हल तपासा, पण ऑइल लॉकर लावल्यावरच येतं का ते बघा. तसं असेल तर आतली सील हवा सोडतेय, ती हवा हौसिंगमध्ये भरते आणि बाहेर जाताना ब्रीदरमधून ऑइल घेऊन जाते. गाडी बंद ठेवून लॉकर चालू करा, कॉम्प्रेसर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा सुरू होत असेल आणि बाहेरच्या पाइपला, जोडांना साबणाचे बुडबुडे येत नसतील, तर डिफ उघडावंच लागेल.

प्रश्न : क्राउन-पिनियन बदलल्यापासून ताशी ६० च्या वर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की कुंई असा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो चालवत राहा, बसेल.

बसणार नाही. गिअर पहिल्या दिवसापासून ओरडत असतील तर सेटिंग चुकलीय, आणि चालवत राहिलात तर ते तशाच चुकीच्या जागी घासून घेतील, मग नंतर सेटिंग बरोबर केली तरी आवाज राहतो. मेकॅनिककडे दोन गोष्टी मागा. बॅकलॅश (दोन गिअरच्या दात्यांमधली मोकळी जागा) किती ठेवला, बहुतेक सेटमध्ये तो ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असतो, तरी तुमच्या सेटच्या कागदावर काय लिहिलंय तेच खरं. आणि दात्यांना रंग लावून फिरवल्यावर उमटलेल्या ठशाचा फोटो. ठसा दात्याच्या मध्यावर हवा, टोकाला किंवा मुळाशी गेलेला असेल तर पिनियनची शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) बदलायची. डायल गेज न लावता हाताने हलवून "बरोबर आहे" म्हणणारा असेल तर गाडी तिथून काढा.

नवीन सेट बसवला की पहिल्यांदा पंचवीस-तीस किलोमीटर हळू चालवून पूर्ण थंड होऊ द्यायचा, हे दोन-तीनदा करायचं. पहिले ८०० किलोमीटर टोइंग नाही, दगड नाहीत, आणि मग ऑइल बदलायचं. काढलेल्या ऑइलमध्ये बारीक चकचकीत पूड दिसली तर घाबरू नका, बोटाला टोचणारा कण लागला तर मात्र झाकण उघडा.

प्रश्न : दादा, मी शिकतोय, बजेट नाही, मागचं डिफ वेल्ड करून कायमचं लॉक करून टाकू का?

रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर नको. प्रत्येक वळणावर टायर घासणार, शाफ्ट पिळणार, ओल्या रस्त्यावर मागचा भाग कधी सुटेल सांगता येत नाही, आणि वेल्डिंग तुटलं तर तो तुकडा क्राउन-पिनियनमध्ये जाऊन उरलेलंही संपवतो. फक्त ट्रेलरवरून नेऊन मैदानात चालवायची गाडी असेल तर वेगळी गोष्ट. तोवर त्याच पैशांत दोन्ही अ‍ॅक्सलचे ब्रीदर पाइप लावून वर इंजिनच्या उंचीला नेऊन ठेव. तापलेला अ‍ॅक्सल पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलमधून पाणी ओढलं जातं, ऑइल दुधासारखं झालं की बेअरिंग गेलीच समज. आणि जुना का होईना, एक अख्खा मागचा शाफ्ट नट-बोल्टसकट गाडीत टाकून ठेव.